कर्करोगाच्या उपचारानंतर जबड्याची निगा
(ग्राम आरोग्य मेळाव्यात एका दंतवैद्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाविषयी बोलताना तो कसा टाळावा आणि वेळीच कसा ओळखावा, एवढेच आपण बहुधा बोलतो. ते आवश्यक आहेच. परंतु आज मी त्यापुढच्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तोंडाच्या कर्करोगातून जो माणूस बरा होऊन घरी परततो, त्याच्या तोंडाचे पुढे काय होते?

काही वर्षांपूर्वी कुळागरात काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. शस्त्रक्रिया झाली होती, किरणोपचार पूर्ण झाले होते, रोग आटोक्यात आला होता. घरच्या मंडळींनी त्यांची मनोभावे सेवा केली. तोंड उघडताना दुखते म्हणून सहा महिने त्यांना पातळ पेजच भरवली. सहा महिन्यांनी त्यांच्या तोंडात जेमतेम एक बोट शिरत होते. मागची दाढ किडली होती. पण तिथवर ना ब्रश पोहोचत होता, ना माझे हत्यार. हा दोष त्या कुटुंबाचा नव्हे. जबडा रोज हलता ठेवावा लागतो, हे त्यांना घरी पाठवताना कोणी बजावून सांगितलेच नव्हते. चूक आम्हां वैद्यकीय व्यवसायातील मंडळींची होती, आणि म्हणूनच हे भाषण.

असे का घडते? अन्न चावण्याचे बळकट स्नायू गालाच्या मागील भागात असतात आणि जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. किरणोपचार साधारणपणे सहा ते सात आठवडे चालतात. त्या किरणांच्या मार्गात हे स्नायू आले, तर ते हळूहळू चिवट व कडक होऊ लागतात. शस्त्रक्रियेचा व्रण आकसतो, तोही जबडा ओढून धरतो. दुखते म्हणून रुग्ण तोंड उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून ते अधिकच आखडते. उपचार संपल्यावर पहिल्या काही महिन्यांत ही क्रिया वेगाने होते आणि पुढे काही वर्षेही चालू राहू शकते. सुपारी व गुटखा खाणाऱ्या पुष्कळ जणांचे तोंड तर कर्करोगापूर्वीच आखडलेले असते.

तपासणीची पद्धत सोपी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून समोरच्या दातांमध्ये उभी धरावीत. ती शिरली तर ठीक. मोजपट्टीने पाहिल्यास वरच्या व खालच्या दातांच्या टोकांमधील अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरले, तर तोंड आखडले असे समजतात. दर आठवड्याला, शक्यतो एकाच वेळी, हे अंतर मोजून वहीत लिहावे. घरातील शाळकरी मुलावर हे काम सोपवावे. ते आनंदाने करील.

व्यायाम मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. हाडाला पट्टी बसविली असेल, जखम ओली असेल वा दात हलत असतील, तर ते सांगतील तेव्हाच. पुष्कळदा किरणोपचार चालू असतानाच व्यायामाला आरंभ करणे हितावह ठरते. तोंड जेवढे उघडेल तेवढे उघडावे, काही क्षण थांबावे, मिटावे. मग जबडा डावीकडे, उजवीकडे व पुढे न्यावा. त्यानंतर आइस्क्रीमच्या स्वच्छ, चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये बसतील तेवढ्या ठेवाव्यात आणि अर्धा मिनिट धराव्यात. काही दिवसांनी मध्ये आणखी एक काडी सरकवावी. एक काडी म्हणजे दीड-दोन मिलिमीटर, पण रुग्णाच्या दृष्टीने तो मोठाच विजय! ताण जाणवला पाहिजे. तीव्र कळ येता कामा नये. दिवसातून एकदाच पुष्कळ करण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडे थोडे करावे. शेक घ्यायचा तर कोमट घ्यावा, कारण किरणोपचार झालेल्या त्वचेला भाजल्याचे लवकर कळत नाही.

आहाराविषयी थोडेसे. निव्वळ पेजेवर अंगात शक्ती राहत नाही. मऊ भात, घट्ट वरण, कुस्करलेले अंडे, काटे काढून कुस्करलेली मासळी, दही, केळे, तुपात भिजविलेली पोळी असे अन्न द्यावे. रुग्णाने ताठ बसून, लहान घास घेऊन, सावकाश जेवावे. ठसका वारंवार लागत असेल किंवा वजन घटत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलांचा मऊ ब्रश वापरावा आणि प्रत्येक जेवणानंतर मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी. किरणोपचारानंतर दात काढण्याची घाई कदापि करू नये. जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो. दंतवैद्याकडे जाताना जुने कागदपत्र अवश्य न्यावेत. अन्य कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपले तोंड कमी उघडते हे आधीच सांगावे. बरे चाललेले तोंड एकाएकी आखडू लागले, नवा व्रण वा गाठ दिसली, रक्त आले, तर तो केवळ व्यायामाचा प्रश्न नव्हे. त्वरित तपासणी करून घ्यावी.

येथे शिक्षक व अधिकारी बसले आहेत, त्यांना एक विनंती. असा सहकारी कामावर परतला तर त्याला जेवायला अर्धा तास जास्त द्या आणि त्याचे बोलणे अडखळले तर वाक्य त्याचे त्यालाच पूर्ण करू द्या. गावकऱ्यांनो, पंगतीत त्याच्या पानाकडे टक लावून पाहू नका. पण त्याला पंगतीचे बोलावणे मात्र चुकवू नका. तोंड आखडल्याने जेवढा माणूस खचत नाही, तेवढा तो एकटा पडल्याने खचतो.

सुपारी हे आपल्याकडे मंगलाचे चिन्ह आणि कित्येकांच्या पोटापाण्याचे पीक आहे, याची मला जाणीव आहे. तथापि, तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारणीभूत ठरते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. पूजेच्या तबकात ती शोभते, गालात नव्हे. बरे झालेल्यांनी तर तिला पुन्हा स्पर्शही करू नये.

ते कुळागरातील गृहस्थ पुढे नेमाने काड्यांचा व्यायाम करू लागले. वर्षभराने त्यांच्या तोंडात दोन बोटे शिरू लागली. तिसरे बोट काही शिरले नाही. पण परवाच्या भेटीत ते मला म्हणाले, “डॉक्टर, नातवाबरोबर बसून भाकरी खाल्ली.” आधीच कोणी सांगितले असते, तर कदाचित ते तिसरे बोटही शिरले असते. म्हणून आज येथे ऐकलेले आपल्या वाड्यावरच्या एका तरी घरी जाऊन सांगा, एवढीच प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.