तेलाचा दिवा आणि दाबाचा काटा

चालकापुढील तेलाचा तांबडा दिवा विझला, की चालक निश्चिंत होतो. परंतु त्या दिव्याचा खटका बहुधा तेलाचा दाब दर चौरस इंचास 5 ते 7 पौंडांपर्यंत उतरल्यावरच जुळतो. नेहमी 40 पौंड दाबावर धावणारे इंजिन 15 वर आले, तरी दिवा मौनच पाळतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगांची हानी होऊन गेलेली असू शकते.

दाबमापकाचा काटा हा ऱ्हास पायरीपायरीने दाखवितो. 1849 साली फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँ यांनी योजिलेली वक्र नळी अशा यांत्रिक मापकांत आजही असते. दाब वाढला, की ती उलगडू पाहते व काटा फिरतो.

मापक बसविताना खटक्याच्या जागी तीन तोंडांचा सांधा घालावा, म्हणजे दिवाही कायम राहतो. आटे नीट जुळवावेत. तेलाची नळी एक्झॉस्टच्या तप्त भागापासून दूर, घट्ट बांधावी; ती फुटल्यास इंजिनातील तेलच वाहून जाईल.

तापलेले तेल पातळ होते. म्हणून मंद गतीस काटा उतरणे स्वाभाविकच. मात्र त्याच वेगास व तितक्याच उष्णतेस तो महिन्यागणिक खाली बसू लागला, तर झीज वाढली असे समजून इंजिन वेळीच तपासून घ्यावे.