ओळखीच्या पाण्यातले होकायंत्र
(पोफळी येथील मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंदिराचे काम चालू असताना जे जे येथे येऊन गेले, त्यांनी एक दृश्य नक्की पाहिले असेल. गवंडी कितीही जुना आणि कसबी असो, चार थर चढले की तो ओळंबा सोडतो. कोपरा आला की गुण्या लावतो. चाळीस वर्षे भिंती उभ्या केलेल्या माणसाला भिंत सरळ आहे की नाही हे नजरेने कळत नाही काय? कळते. तरीही तो ओळंबा सोडतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि पाहणाऱ्यालाही त्याच्या कसबाची शंका येत नाही.

समुद्रावर हेच काम होकायंत्र करते. मात्र तेथे माणसाचे वागणे थोडे निराळे असते. लांबच्या सफरीला, अनोळखी पाण्यात निघालेला मनुष्य होकायंत्र न विसरता बरोबर घेतो. रोजच्या खाडीच्या तोंडाशी, रोजच्या मासेमारीच्या जागी जाणारा मात्र म्हणतो, “हे पाणी माझ्या पायाखालचे आहे, मला होका कशाला?” आजचा विषय हाच आहे.

डोंगराच्या कुशीतल्या पोफळीत समुद्राचा विषय कशाला, असे कुणी विचारील. परंतु पोफळीचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. कोयना नदी स्वभावाने पूर्ववाहिनी. तिचे पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचे. १९६२ पासून ते बोगद्यांतून येथल्या भूमिगत वीजगृहात उतरते, वीज देते आणि पुढे वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई बंदरात आणि देशोदेशींच्या बोटींवर काम करीत आले आहेत. तेव्हा या मंडपातही समुद्राचे मीठ चाखलेली माणसे असणारच.

आता ओळखीचे पाणी म्हणजे काय ते पाहू. दाभोळच्या मुखातून रोज बाहेर पडणाऱ्या तांडेलाला किनाऱ्याच्या खुणा पाठ असतात. अंजनवेलचा गोपाळगड, टाळकेश्वराचा दीपस्तंभ, एखादा बोडका डोंगर, एखादे एकटे झाड. दोन खुणा एका रेषेत आल्या की तो जाणतो, आपण अमुक ठिकाणी आहोत. ही विद्या खरी आहे आणि कोणत्याही यंत्राइतकी अचूक आहे. तिच्यात उणीव एकच. ती डोळ्यांवर चालते. हिवाळ्याच्या पहाटे खाडीवर धुके उतरले, पावसाळ्याच्या तोंडाशी सरींचा पडदा किनाऱ्यावर ओढला गेला, किंवा परतताना काळोख झाला, की सगळ्या खुणा एकदम पुसल्या जातात. पाणी तेच असते, पण ओळख नाहीशी होते.

अशा वेळी माणूस आपल्या अंतर्मनावर विसंबतो, आणि दिशेच्या बाबतीत अंतर्मन फार कच्चे आहे. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेत यान सोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहण्यास सांगितले होते. जंगलात सूर्य दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ चालली. आकाश ढगांनी झाकले गेले तेव्हा ती गोल फिरू लागली आणि स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली. आपण फिरून तेथेच आलो, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. जमिनीवर पायाखाली माती असून ही गत. पाण्यावर तर वारा आणि ओढ होडीला न सांगता वळवीत असतात.

चूक किती महाग पडते याचा हिशोब सोपा आहे. साठ मैलांच्या वाटेवर एक अंशाची चूक झाली तर होडी सुमारे एक मैल बाजूला जाते. म्हणजे सहा सागरी मैलांवरून परतताना दहा अंश चुकले तरीही तेवढेच, एक सागरी मैल, जवळजवळ दोन किलोमीटर! दहा अंश नजरेला काहीच वाटत नाहीत. पण खाडीच्या मुखाऐवजी दोन किलोमीटर पलीकडे कड्याखालच्या खडकांत होडी शिरली, तर घरी वाट पाहणाऱ्यांना त्या दहा अंशांची किंमत कळते.

ओळखीचे पाणी रोज सारखे नसते, याची सर्वांत दुःखद आठवण कोकणाला आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी रामदास ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रोजची वाट, थोड्या वेळाचा प्रवास. काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात ती कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. होकायंत्राने ती बोट वाचली असती असे म्हणणे खोटे होईल. तो अपघात दिशेचा नव्हता. पण “ही तर रोजची वाट” या शब्दांत किती आधार मानायचा, हे त्या दिवसाने कोकणाला शिकविले.

दिशेच्या अपघाताचे उदाहरण अमेरिकेचे आहे. ८ सप्टेंबर १९२३ रोजी त्या देशाच्या आरमाराच्या चौदा विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन दिएगोला, म्हणजे स्वतःच्याच किनाऱ्याने, रांगेने चालल्या होत्या. धुके होते. कुठवर आलो याचा अदमास वेग आणि वेळ यांवरून बांधलेला होता. किनाऱ्यावरच्या बिनतारी केंद्राने जी दिशा कळविली, तिच्यावरून ताफा अजून उत्तरेलाच होता. हे साधन त्या काळी नवे. पुढच्या बोटीवरील अधिकाऱ्यांनी आपल्या अदमासावर विश्वास ठेवला आणि केंद्राचेच चुकले असे मानले. रात्री नऊ वाजता त्यांनी पूर्वेला वळण घेतले. काही मिनिटांत होंडा नावाच्या खडकाळ टोकावर एकामागून एक बोटी आदळल्या. सात बोटी गेल्या, तेवीस खलाशी मेले. ते सर्व शिकलेले दर्यावर्दी होते. यंत्र एक सांगते आणि मन दुसरे, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी मनाचे ऐकले.

या विषयाचे मर्म येथे आहे. अडचणीच्या वेळी प्रथमच होकायंत्राकडे पाहणारा मनुष्य त्याच्यावर विश्वास ठेवू शकत नाही. सुई डावीकडे दाखविते, मन उजवीकडे ओढते, आणि मनुष्य म्हणतो, सुईच बिघडली असेल. ज्याने शंभर स्वच्छ दिवशी खुणा आणि सुई यांचा मेळ घालून पाहिला आहे, तोच एकशे एकाव्या दिवशी धुक्यात सुईचे ऐकतो. म्हणून होकायंत्र वापरण्याची खरी जागा ओळखीचे पाणी हीच आहे. तेथे त्याची परीक्षा घेता येते आणि स्वतःचीही.

ही सवय लावायला फार विद्या लागत नाही. स्वच्छ दिवशी मुखातून बाहेर पडताना जाण्याची दिशा अंशांत पाहावी आणि निघाल्याची वेळ वहीत टिपावी. २७० अंशांवर, म्हणजे थेट पश्चिमेस गेलेल्याची परतीची दिशा ९० अंश. जाण्याच्या अंशांत १८० मिळवावे किंवा वजा करावे, की परतीची वाट मिळते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की सुई होडीच्या नाळेचे तोंड कुठे आहे ते सांगते. भरती-ओहोटीची ओढ आणि वारा तिला आडवे किती नेतात, ते सांगत नाही. तो हिशोब तांडेलाने आपल्या अनुभवाने घालायचा. येथे अनुभव आणि यंत्र एकमेकांचे सोबती होतात.

जाणते दर्यावर्दी आणखी एक युक्ती करतात. धुक्यात ते थेट मुखावर नेम धरीत नाहीत. ज्या बाजूला पाणी खोल आणि खडक नाहीत, त्या बाजूला मुद्दाम थोडे सरकून येतात. मग किनारा दिसला की मुख कोणत्या हाताला आहे याचा संभ्रम राहत नाही. तसेच, समोरून येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्कर होणार असे समजून वेळीच वाट सोडावी. हा जगभरच्या दर्यावर्दींचा नियम आहे.

होकायंत्रालाही शत्रू आहेत, आणि ते बहुधा होडीतच असतात. लोखंडी नांगर, कोयता, इंजिन, रेडिओचा कर्णा आणि आताचा मोबाईल फोन. यांपैकी काहीही जवळ ठेवले की सुई वळते. म्हणून दोन ओळखीच्या खुणा एका रेषेत आणून, त्या रेषेची खरी दिशा आणि सुईची दिशा ताडून पाहावी. होडीचे तोंड निरनिराळ्या दिशांना करून पाहावे, कारण लोखंडाची ओढ प्रत्येक दिशेला निराळी पडते. पृथ्वीच्या चुंबकाची उत्तर आणि भूगोलाची उत्तर यांत कोकणात फरक साधारण एक अंशाच्या आसपासच आहे. होडीच्या व्यवहारात त्याची चिंता नको.

लोखंडाला सुई किती घाबरते याचा पुरावा अलिबागला उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागला नेण्यात आले, आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. ती इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाची बांधलेली आहे. ट्राम सुरू झाली १९०७ साली आणि कधीच बंदही झाली. अलिबागच्या नोंदी मात्र चालू आहेत.

आता उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र प्रत्येक नौकेवर आणि खिशातल्या फोनवरही आहे. ते उपयोगी आहे, ते वापरावेच. पण ते विजेवर चालते, खारे पाणी त्याला सोसत नाही, आणि होडी स्थिर असली तर साधे यंत्र नाळेचे तोंड कुठे आहे हे सांगू शकत नाही. होकायंत्राला ना वीज लागते ना तार.

मंडळी, दिशेविषयीची ही सावधगिरी परकी नाही. यज्ञवेदीची पूर्व दिशा नजरेने ठरवू नये, म्हणून कात्यायनाच्या शुल्बसूत्रात रीत सांगितली आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवावा, भोवती वर्तुळ काढावे, सावलीचे टोक सकाळी व दुपारनंतर वर्तुळाला जेथे शिवते ते दोन बिंदू जोडावे. ती रेषा पूर्व-पश्चिम. सूर्य रोज पूर्वेलाच उगवतो हे त्या ऋषींना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि तो वर्षभर एकाच जागी उगवत नाही हेही ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी शंकू रोवला. आग्नेय, वायव्य, ईशान्य ही नावे सुद्धा दिक्पालांवरून आली. पश्चिम तर वरुणाची, म्हणजे दर्याची.

जीर्णोद्धाराचे काम पुरे झाले की गवंड्याचा ओळंबा कुणाला दिसत नाही. दिसते ती उभी भिंत. तसेच सुखरूप परतलेल्या होडीकडे पाहून तांडेलाने वाटेत किती वेळा सुई पाहिली हे कुणी विचारीत नाही. विचारण्याची गरज पडू नये, एवढ्यासाठीच ती पाहायची असते. या पंचक्रोशीतून दर्यावर गेलेला प्रत्येक जण संध्याकाळी आपल्या दारी परत येवो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.