ठिसूळ हाडांचे रसायन: स्वागताध्यक्षांचे भाषण

व्यासपीठावरील मान्यवर, जीवरसायनशास्त्रातील मित्रहो, बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनो आणि मुलांना घेऊन लांबून आलेल्या आईबाबांनो,

दवाखान्यांच्या आणि तंबोऱ्यांच्या या मिरजेत आपले मनापासून स्वागत!

मी हाडांचा डॉक्टर. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, झालेल्या मुलाचे वाकलेले हाड मी सळई घालून सरळ करतो. ते मुळात का मोडले, हे मात्र तुमच्या प्रयोगशाळेत कळते. म्हणून पहिले सत्र जीवरसायनाचे, हा हट्ट माझा.

हाडातले टाइप वन कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी: दोन पेड अल्फा-वनचे, एक अल्फा-टूचा. प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागते. पिळाच्या गाभ्यात जागाच इतकी कमी की दुसरे अमिनो आम्ल तिथे नीट मावत नाही. ही रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. आपल्या विद्यार्थ्यांना रामचंद्रन यांचा आलेख पाठ असतो, हे काम मात्र सांगावे लागते.

आता गंमत बघा. अल्फा-वनच्या जनुकाची एक प्रत अजिबात कामच करेनाशी झाली, तर कोलॅजेन निम्मेच बनते, पण बनते ते चांगले, आणि आजार बहुधा सौम्य राहतो. तीच प्रत चालू राहून एका ग्लायसिनच्या जागी सिस्टीन घालू लागली, की चारातल्या तीन वेण्यांत निदान एक पेड खराब. पीळ बसायला उशीर होतो. तोवर विकरे लायसिनवर हायड्रॉक्सिल आणि शर्करा चढवतच राहतात, आणि प्रयोगशाळेत जेलवर या कोलॅजेनचा पट्टा मागे रेंगाळतो. अशी काही बाळे आईच्या पोटातच हाडे मोडून जन्माला येतात. कमी माल परवडतो, भेसळीचा नाही!

पालक विचारतात, कोलॅजेनची पावडर देऊ का? पोटात गेल्यावर तिचे तुकडेच होतात. पेशी पुढचे पेड आपल्या जनुकाबरहुकूमच विणते. तो खर्च वाचवा.

वक्त्यांना एक विनंती: पालक समोर बसले आहेत, मराठीत बोला. आणि स्वयंसेवकांनो, कुठल्याही मुलाला काखेत हात घालून उचलू नका, दंडाला धरून ओढू नका. कसे उचलायचे ते आधी त्याच्या आईला विचारा. व्यासपीठाला उतार केलेला आहे, चाकांची खुर्ची तिथून वर येईल.