‘टू-फिंगर’ : एका विशेषणाची हकिकत



इंग्रजीत दोन शब्द जोडून विशेषण करतात. ‘टू-फिंगर’ हे त्यातलंच. टू-फिंगर टेस्ट म्हणजे दोन बोटांची तपासणी. ऐकायला किती साधं! भातातलं पाणी नाही का आपण बोटाच्या पेरानं मोजत? इथं मात्र बाईचं चारित्र्य मोजलं जायचं. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या योनीत डॉक्टर दोन बोटं घालून पाहायचे. सहज गेली, की अहवालात शेरा: ‘हॅबिच्युएटेड’, म्हणजे संभोगाची सवय असलेली. सवय आहे म्हणजे संमती असणार, हा पुढचा तर्क वकील लढवायचे. न्यायवैद्यकाची पाठ्यपुस्तकं, त्यात मोदींचा जाडजूड ग्रंथही आला, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आली.

ही हकिकत आपल्या विदर्भातलीच आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंजचं पोलीस ठाणं. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. मथुरा ही चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. तिच्या तपासणीतही दोन बोटं सहज गेल्याची नोंद आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये इथल्या नागपूर खंडपीठानं त्यांना शिक्षा दिली. भीतीपोटी मुकाट राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. पुढच्या वर्षी चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. दवाखान्यातली बोटं तशीच राहिली!

२०१० मध्ये सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या तपासण्यांची दुरवस्था अहवालात मांडली, त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चाचणी बाईच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली. २०१४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तरी २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

तेव्हा बाईसोबत दवाखान्यात जाल, तेव्हा तपासणीआधी तिची संमती घेतली का ते पाहा. तपासणीचा कुठलाही भाग ती नाकारू शकते, तरी उपचार द्यावेच लागतात. आणि अहवाल हाती आला, की ‘लॅक्स’, ‘ओल्ड टेअर’, ‘टू फिंगर्स’ हे शब्द शोधा. सापडले तर तो कागद घेऊन त्याच दिवशी वकिलाकडे जा.