चारा बीट, लसूणघास आणि युरियाचा हात

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने चारा बीटवर बरंच काम केलंय. हा कंद खारवट पाण्यावरही पोसतो. त्यात साखर भरपूर असते, पण प्रथिनं कमी. ती उणीव लसूणघास भरून काढतो. म्हणून रब्बीत बीटच्या ओळींमध्ये त्याचा विचार जरूर व्हावा.

लसूणघासाचं रोप मातीसकट हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली, तर जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. हिरवट किंवा करडी निघाली, तर काम थांबलेलं आहे.

सरसकट युरिया फेकला की या गाठी नीट धरत नाहीत. म्हणून युरिया फक्त बीटच्या ओळीलगत, हप्त्याहप्त्याने, मातीआड करून द्यावा. युरियात 46 टक्के नत्र असतं. म्हणजे 100 किलो नत्रासाठी सुमारे 217 किलो युरिया लागतो. मात्र लसूणघासाचं नत्र बीटला लगेच मिळेल या भरवशावर खत तोडू नये. त्याचा मोठा वाटा मुळं कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतो.

जादा नत्राचं नायट्रेट पाल्यात साठतं आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. बीटच्या पाल्यात ऑक्झॅलिक आम्लही असतं, म्हणून तो सुकवून, इतर चाऱ्यात मिसळून, बेतानेच घालावा.