संहाराच्या शस्त्राकडून सेवेच्या साधनाकडे

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कापडाच्या व्यापाऱ्याने अग्निबाणांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाचा केवळ हौशी वाचक. परंतु या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रत्येक दुकानदाराच्या परिचयाचा आहे. मोठी रक्कम गुंतलेला, पण आता मागणी न उरलेला माल गोदामात पडून असेल, तर त्याचे काय करावे? फरक एवढाच, की आपल्या गोदामात न खपलेले तागे असतात आणि मी ज्या गोदामांविषयी बोलणार आहे, तेथे शहरेच्या शहरे बेचिराख करू शकणारी क्षेपणास्त्रे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन महासत्तांनी परस्परांच्या भयापोटी अशा अस्त्रांचा प्रचंड साठा केला. सोव्हिएत संघाचे 'आर-३६एम' हे त्यांतील सर्वांत अवजड. सुमारे ३४ मीटर लांबीचे, तीन मीटर व्यासाचे आणि दोनशे टनांहून अधिक वजनाचे हे धूड दहा अण्वस्त्रे वाहून नेऊ शकत असे. जमिनीत खोदलेल्या विहिरीसारख्या पोलादी कोठीत ते इंधन भरून वर्षानुवर्षे सज्ज ठेवलेले असे. पुढे ३१ जुलै १९९१ रोजी दोन्ही देशांत शस्त्रकपातीचा 'स्टार्ट' करार झाला आणि शेकडो क्षेपणास्त्रे सेवेतून काढणे क्रमप्राप्त झाले.

आता त्यांचे करायचे काय? मार्ग तीन होते. तशीच ठेवावीत, तर पहारा आणि देखभाल यांचा खर्च अखंड चालू राहणार. मोडीत काढावीत, तर तेही फुकट होत नाही. त्यांतील द्रव इंधन अत्यंत विषारी असल्याने ते काढून त्याची विल्हेवाट लावणे हे खर्चाचे आणि जोखमीचे काम. तिसरा मार्ग म्हणजे टोकावरचे अण्वस्त्र उतरवून त्या जागी उपग्रह बसवावा.

हे शक्य होते, कारण क्षेपणास्त्र आणि उपग्रह प्रक्षेपक ही एकाच घरची भावंडे आहेत. आंतरखंडीय क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेग गाठते. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी उपग्रहाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. म्हणजे ओझे थोडे हलके केले, अथवा वर आणखी एक टप्पा जोडला, मार्गदर्शक यंत्रणेतील सूचना बदलल्या, की तेच वाहन उपग्रह नेऊ शकते. १९५७ साली जगातील पहिला उपग्रह 'स्पुटनिक' वर गेला, तो 'आर-७' या क्षेपणास्त्रावरूनच. आपला 'आर्यभट' १९ एप्रिल १९७५ रोजी ज्या सोव्हिएत 'कॉसमॉस' प्रक्षेपकातून अवकाशात पोहोचला, त्याचा आराखडाही मुळात एका क्षेपणास्त्राचा होता.

'आर-३६एम'चे रूपांतर करून तयार झालेल्या प्रक्षेपकाला 'नीपर' या नदीचे नाव देण्यात आले. २१ एप्रिल १९९९ रोजी त्याने एक ब्रिटिश उपग्रह कक्षेत नेला. २०१५ पर्यंत त्याची बावीस उड्डाणे झाली आणि एक वगळता सर्व यशस्वी ठरली. याच नीपरने ८ एप्रिल २०१० रोजी युरोपचा 'क्रायोसॅट-२' अवकाशात पोहोचविला. ध्रुवप्रदेशातील बर्फाची जाडी मोजणे, हे त्याचे काम. जे अस्त्र लक्षावधी माणसांच्या विनाशासाठी घडविले होते, त्याने पृथ्वीच्या प्रकृतीची नाडी पाहणारा वैद्य वर नेला!

आपल्या देशाशी निगडित असलेले उदाहरण तर याहून बोलके आहे. 'यूआर-१००एन' या दुसऱ्या एका सोव्हिएत क्षेपणास्त्रापासून 'रोकोट' नावाचा प्रक्षेपक झाला. १७ मार्च २००२ रोजी रोकोटने अमेरिका व जर्मनी यांचे 'ग्रेस' नावाचे दोन जुळे उपग्रह वर नेले. सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून हे दोघे एकामागोमाग फिरत आणि आपसांतील अंतरात पडणारा अत्यंत सूक्ष्म फरक मोजत. खाली जमिनीत वस्तुमान कमी झाले की गुरुत्वाकर्षण बदलते आणि ते अंतरही बदलते. या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवून दिले, की २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा, राजस्थान या भागांतील भूगर्भातून सुमारे १०९ घन किलोमीटर पाणी कायमचे उपसले गेले. आपल्या मापात सांगायचे, तर पस्तीस-चाळीस कोयना धरणे भरतील एवढे! उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विहीर आटली हे शेतकऱ्याला विहिरीत डोकावून कळते. पण अवघ्या प्रांताची विहीर आटत आहे, हे कळण्यास आकाशातूनच पाहावे लागले.

मात्र खतावणीत जमेची बाजूच लिहिणारा व्यापारी फार काळ टिकत नाही. म्हणून खर्चाची बाजूही पाहू. २६ जुलै २००६ रोजी नीपरचे एक उड्डाण फसले. अठरा उपग्रह नष्ट झाले. त्यांत बेलारूसचा पहिला उपग्रह होता आणि निरनिराळ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी परिश्रमपूर्वक बनविलेले लहान उपग्रहही होते. विषारी इंधन कझाकस्तानच्या भूमीवर सांडले. अस्त्र काढले तरी विष उरतेच, हा त्याचा बोध.

दुसरी अडचण बाजाराची आहे. अमेरिकेनेही 'मिनिटमन' आणि 'पीसकीपर' या निवृत्त क्षेपणास्त्रांपासून 'मिनोटॉर' मालिकेचे प्रक्षेपक तयार केले. परंतु १९९८ च्या कायद्याने त्यांचा वापर सरकारी कामापुरता मर्यादित ठेवला. खासगी ग्राहकांचे उपग्रह त्यांतून नेण्यास मनाई केली. कारण कोणाही व्यापाऱ्याला कळेल असे आहे. ज्या मालाची किंमत करदात्यांनी पूर्वीच चुकती केली, तो सरकारने पडत्या दराने बाजारात ओतला, तर नवे प्रक्षेपक बनविणाऱ्या उद्योजकाने दुकान कसे चालवावे? बाजारपेठेत बारमाही सेल लागला की नियमित दुकानदाराचे काय होते, ते आपण जाणतोच.

आपल्या देशात हा प्रवास उलट दिशेने झाला. १८ जुलै १९८० रोजी 'एसएलव्ही-३' ने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला. त्या प्रकल्पाचे संचालक डॉ. अब्दुल कलाम होते, तर त्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे प्रमुख आणि घन इंधनाच्या संशोधनातील अग्रणी होते मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर. त्याच एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याची घन इंधन मोटार पुढे २२ मे १९८९ रोजी 'अग्नि' क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीत वापरली गेली. तिकडे अस्त्राचे वाहन झाले. इकडे वाहनाचे अस्त्र झाले. देशरक्षणाची गरज मी नाकारीत नाही. परंतु धातूला आणि इंधनाला स्वतःचा धर्म नसतो. तो माणसाने द्यावा लागतो, एवढे यातून स्पष्ट होते.

या कामात आपल्या भागाचा आणि समाजाचाही वाटा आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वसविलेल्या वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनते. आणि तेथेच पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्याची पोलादी आवरणेही बनत आली आहेत. २२ जून २०१६ रोजी याच जातीच्या प्रक्षेपकातून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला, वजनाने जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह वर गेला. जून २०१४ मध्ये एका उड्डाणात ३७ उपग्रह नेण्याचा विक्रम नीपरच्या नावावर नोंदला गेला होता. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी १०४ उपग्रह नेऊन तो मोडला, तो आपल्या पीएसएलव्हीनेच. शस्त्राच्या गोदामातून आलेल्या वाहनाचा विक्रम प्रारंभापासून उपग्रहांसाठीच घडविलेल्या वाहनाने मोडावा, यात मला मोठे समाधान वाटते.

नीपरचा शेवट मात्र मन विषण्ण करणारा आहे. ही क्षेपणास्त्रे युक्रेनमधील द्नीप्रो शहराच्या कारखान्यात बनली होती आणि त्यांचे रूपांतर रशिया व युक्रेन यांच्या सहकार्याने होत असे. २०१४ नंतर दोन्ही देशांतील संबंध बिघडले आणि मार्च २०१५ नंतर नीपर उडाला नाही. २०२२ मध्ये युद्ध भडकले. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी रशियाने डागलेले एक नवे क्षेपणास्त्र द्नीप्रोतील त्याच कारखान्यावर येऊन आदळले. ज्या आवारात घडलेल्या अस्त्रांनी एके काळी उपग्रह वाहिले, तेथेच अस्त्र परतून आले.

मित्रहो, याचा अर्थ असा, की शस्त्राचे रूपांतर यंत्रशाळेत होत असले, तरी ते टिकते परस्परविश्वासावर. करार, तपासणी आणि शेजारधर्म शाबूत होता तोवर तेच लोखंड जगाची सेवा करीत होते. विश्वास तुटताच कारागीर, कारखाना आणि ज्ञान तेच असूनही काम थांबले. श्रावकाच्या व्रतांत 'हिंसादान' म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे वर्ज्य मानले आहे, ते उगीच नव्हे. साधन एकदा निर्माण झाले की त्याचा उपयोग कोण, केव्हा आणि कशासाठी करील, याची हमी निर्मात्याला देता येत नाही.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहेत. त्यांतील काही उद्या अशाच प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत जातील. त्यांनी अवश्य जावे. माझी विनंती एवढीच, की आपण घडवीत असलेल्या वाहनाच्या टोकावर काय बसणार आहे, हा प्रश्न त्यांनी प्रारंभीच विचारावा आणि वडीलधाऱ्यांनी तो विचारण्याचे बळ त्यांना द्यावे. मागाहून रूपांतर करणे शक्य असते, हे नीपर आणि रोकोट यांनी दाखविले. पण त्याची किंमत किती आणि त्याची शाश्वती किती थोडी, हेही त्यांनीच दाखविले.