छडी कोणाच्या हातात?



माझा बाप लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. अंगात लाल कोट, पायात तुटकी चप्पल. वरात मांडवात पोचली की नवरदेव आत आणि बँड बाहेर. पंगती उठल्यावर उरलंसुरलं मागच्या दारी. बापाला कुणी कलावंत म्हटलं नाही. 'वाजंत्री' म्हटलं. वाजवणं आपल्याला विद्या म्हणून मिळालंच नाही, गावकीचं काम म्हणून मिळालं. म्हणून कितीतरी जणांनी वाद्यं खाली ठेवली. बरोबरच केलं. पण वाद्य न सोडता लढलेला एक माणूस मला तुम्हाला सांगायचाय.

विल्यम फॉस्टर. अमेरिकेतला काळा माणूस. जन्म १९१९, कॅन्सस सिटी. पोरवयात क्लॅरिनेट शिकला, कॅन्सस विद्यापीठात संगीताची पदवी घ्यायला गेला. त्याला कंडक्टर व्हायचं होतं. कंडक्टर म्हटलं की आपल्याला यष्टीतला आठवतो. हा कंडक्टर म्हणजे हातातल्या छडीनं शंभर वाद्यांना एका श्वासात आणणारा मास्तर. तिथल्या डीननं त्याला सुनावलं, हा नाद सोड, काळ्या कंडक्टरला नोकऱ्या नाहीत. म्हणजे काय, मित्रांनो? फुंका तुम्ही, छडी आमच्या हातात!

फॉस्टर रडत बसला नाही. १९४१ साली पदवी घेतली, काळ्यांच्या शाळा-कॉलेजांत शिकवलं आणि १९४६ साली टॅलहासीच्या फ्लोरिडा ए अँड एम या काळ्यांच्या कॉलेजात आला. गोऱ्यांच्या बँडला मागं टाकील असा बँड करीन, ही जिद्द. तिथं त्यानं 'मार्चिंग हंड्रेड' उभा केला. तोवर मैदानातला बँड म्हणजे पलटणीची कवायत. यानं त्यात आपल्या लोकांची गाणी घातली, नाच घातला. कधी मुंगीच्या पावलानं, कधी वादळासारखं पळत, आणि सूर मात्र जागचा हलायचा नाही. ज्या कोलंबियात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, तिथूनच यानं १९५५ साली डॉक्टरेट घेतली. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोनशेव्या वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर अमेरिकेच्या वतीनं हाच बँड चालला. आणि अमेरिकेतल्या बँडमास्तरांच्या मोठ्या संघटनेनं याच काळ्या माणसाला अध्यक्ष केलं. १९९८ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षं तो तिथं होता. त्याच्या हाताखालची पोरं पुढं शाळाशाळांतून बँडमास्तर झाली. ही त्याची खरी कमाई.

पण नुसता गौरव सांगून मी खाली बसणार नाही. फॉस्टर २०१० साली गेला. २०११ साली त्याच बँडमधला एक पोरगा रॅगिंगच्या मारहाणीत मेला. मारणारे परके नव्हते, त्याच्याच रांगेतले होते. बँड २०१३ पर्यंत बंद ठेवावा लागला. अशी रोगट रीत एका रात्रीत उगवत नाही. शिस्तीच्या नावाखाली ती पोसली जाते आणि सगळे गप्प बसतात. छडी हिसकावून घेणं अर्धी लढाई. ती आपल्याच पोराच्या पाठीत पडू न देणं, ही उरलेली अर्धी.

माझ्या बापाला सूर कळत होता, नोटेशन वाचता येत नव्हतं. ते त्याला कुणी शिकवलं नाही. आपल्या पोरांना शिकवा. वाजवायचं असेल तर शिकून वाजवा, मांडवाबाहेर उभं राहून नाही. आणि जो शिकेल, त्यानं पुढच्या दहा जणांना मास्तर करावं, गडी करू नये.

जयभीम.